दुखण्याच्या गोळ्या: दिवसाला किती आणि किती दिवस?

सांजवारा

बाबा घरी आले, हिंडूफिरू लागले, म्हणून आज लिहायला बसलोय. वय ७१. गुडघे जुने दुखणारे, त्यात महिन्याभरापूर्वी कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी ५ दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं म्हणून बाबांनी त्याच पुढे चालू ठेवल्या, जवळजवळ ३ आठवडे. मधेच दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली, दिवसातून ३ वेळा. रात्री ठणक्याने झोप येईना म्हणून घरातल्या औषधांच्या कप्प्यातली आणखी एक.

चार दिवस शौचाला काळं होत होतं, डांबरासारखं चिकट. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जिना चढताना धाप लागते म्हणाले तेव्हा आम्ही वयावर ढकललं. मग एका पहाटे न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.८. एंडोस्कोपीत जठरात व्रण दिसला, त्यातून रक्त झिरपत होतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) २.४, वर्षापूर्वीच्या रिपोर्टात १.१ होतं. रक्ताच्या २ पिशव्या चढवल्या. पोटात दुखत होतं का, असं डॉक्टरांनी तीनदा विचारलं. बाबांचं उत्तर तिन्ही वेळा एकच, "नाही हो, अजिबात नाही."

त्या रात्री मी घरी येऊन कप्पा उपसला. तीन स्ट्रिपा निघाल्या. नावं वेगळी, रंग वेगळे. पालथ्या घालून मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली. पहिली: एसिक्लोफेनॅक १०० मिग्रॅ अधिक पॅरासिटामॉल ३२५. दुसरी: डायक्लोफेनॅक ५० अधिक पॅरासिटामॉल ३२५. तिसरी: आयब्युप्रोफेन ४०० अधिक पॅरासिटामॉल ३२५. शिवाय बाबांना रक्तदाबाची गोळी आहे (टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली) आणि हृदयासाठी ७५ ची अ‍ॅस्पिरिन.

कुणा डॉक्टरांवर ठपका ठेवायला लिहीत नाहीये. दुसऱ्यांना पहिल्या गोळ्या माहीत नव्हत्या, आणि तिसरी तर आम्हीच हातात दिली. मला एवढंच समजून घ्यायचंय: या गोळ्यांचा हिशोब कसा करायचा? सुरक्षित मात्रा म्हणजे नक्की किती? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

केवडा

वाचून पोटात गोळा आला. बाबांना आराम पडो. आमच्या घरात पण असाच कप्पा आहे, आज संध्याकाळीच बघते.

खलबत्ता

मी औषधनिर्माता आहे, काउंटरवर २० वर्षं उभा आहे. तुमचा प्रश्न बरोबर जागी लागलाय. लोक गोळ्या मोजतात. मोजायचं असतं ते गोळीतलं औषध. आधी तुमच्या बाबांचा एका दिवसाचा हिशोब मांडतो.

एसिक्लोफेनॅक १०० दोन वेळा, म्हणजे २०० मिग्रॅ. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मात्रा हीच. डायक्लोफेनॅक ५० तीन वेळा, म्हणजे १५० मिग्रॅ. त्याचीही दिवसाची कमाल मात्रा हीच. वर रात्री आयब्युप्रोफेन ४००. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं तर त्याची दिवसाची मर्यादा १२०० आहे, म्हणजे एक तृतीयांश कोटा. तिन्ही औषधं एकाच, सूज उतरवणाऱ्या घराण्यातली. म्हणजे २४ तासांत त्यांच्या पोटात दोन दिवसांहून जास्त औषध गेलं, आणि तेही एका ७१ वर्षांच्या माणसाच्या. एसिक्लोफेनॅक तर डायक्लोफेनॅकचं इतकं जवळचं भावंड आहे की शरीरात त्यातल्या थोड्याचं डायक्लोफेनॅकच होतं.

आता पॅरासिटामॉल. सहा गोळ्यांत मिळून १९५० मिग्रॅ. त्याची मर्यादा निरोगी मोठ्या माणसाला ४००० आहे (बारीक चणीच्या, यकृत अधू असलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाला बरीच कमी). म्हणजे ज्याची लोकांना धास्ती असते ते पॅरासिटामॉल इथे मर्यादेत होतं. घात केला तो स्ट्रिपेवरच्या पहिल्या नावांनी.

पॅरासिटामॉल या सूज उतरवणाऱ्या घराण्यात येत नाही, हेही लक्षात ठेवा. ते ताप आणि दुखणं कमी करतं, सुजेवर त्याचा फारसा जोर चालत नाही. पण म्हणूनच जठराला आणि मूत्रपिंडाला ते खूपच सौम्य आहे. "पेनकिलर" हा एकच शब्द आपण दोन्हीला वापरतो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

रात्रपाळी

मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. सांजवारा, तुमच्या बाबांसारखे रुग्ण आमच्याकडे नेमाने येतात, आणि बहुतेकांचं वाक्य तेच असतं: "पोटात काही दुखलं नाही." कारण साधं आहे. ज्या गोळीने व्रण होतो तीच गोळी त्या व्रणाचं दुखणं झाकून टाकते. पहिली खूण म्हणून थेट काळं शौच किंवा धाप दिसते.

मुळात हे घडतं कसं ते सांगतो. जखम, सांध्याची सूज, दाढेचा ठणका, या सगळ्या ठिकाणी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. त्यांच्यामुळे तिथल्या नसा हळव्या होतात आणि सूज येते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं ही द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अ‍ॅस्पिरिन बाजारात आलं १८९९ मध्ये. म्हणजे सत्तर वर्षं लोक औषध घेत होते आणि ते काय करतं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं!

अडचण अशी की हीच प्रोस्टाग्लँडिनं जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर टिकवून ठेवतात. मूत्रपिंडात जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं कामही त्यांचंच. गोळीला गुडघ्यातलं प्रोस्टाग्लँडिन कुठलं आणि जठरातलं कुठलं हे कळत नाही. ती सगळीकडे जाते आणि सगळीकडे तेच करते.

म्हणून "जेवून घेतली की काही होत नाही" हा समज अर्धाच खरा. अन्नासोबत घेतल्याने मळमळ, जळजळ कमी होते, जरूर घ्या. पण रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचणारं औषध जेवणाने अडत नाही. हीच औषधं इंजेक्शनने किंवा गुदमार्गाने दिली तरी जठरात व्रण होऊ शकतो.

आता बाबांचं मूत्रपिंड. तिथल्या गाळणीत रक्त आत येणारी एक वाहिनी आणि बाहेर जाणारी एक. आत येणारी उघडी ठेवतात प्रोस्टाग्लँडिनं; गोळीने ती आवळली. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी सैल केली, ते तिचं कामच आहे. हायड्रोक्लोरोथायझाइडने लघवीवाटे पाणी कमी केलं. एकीकडून येणारं रक्त कमी, दुसरीकडे दाब टिकेना, आणि मुळात पाणीही कमी. गाळणीत दाब उरणार कसा? रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी हे त्रिकूट आम्हाला शिकताना घोकून घ्यावं लागतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत पहिल्या दोन एकाच गोळीत होत्या, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नसणार. क्रिएटिनिन आता किती आहे?

सांजवारा

गोळ्या बंद केल्यावर १० दिवसांत १.५ वर आलं. आणखी उतरेल म्हणतात. गाळणीच्या दोन वाहिन्यांचं इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं.

रोखठोक

माझा अनुभव वेगळा आहे. मी सोबत गॅसची गोळी घेतो, गेली ५ वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा पाठीसाठी घेतोय, काहीही झालेलं नाही. उगाच घाबरवू नये असं वाटतं. दुखणं सोसत बसणं हाही त्रासच आहे.

रात्रपाळी

दुखणं सोसू नये, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. ही औषधं वाईट नाहीत. मुरगळलेल्या घोट्याला, दाढेला, संधिवाताला त्यांच्यासारखा उतारा नाही. पण "मला काही झालं नाही" आणि "मला काही होणार नाही" या दोन वाक्यांत फरक आहे. तुमचं वय कमी असेल, दुसरी औषधं नसतील, तर जोखीम खरोखर कमी आहे. जोखीम चढत जाते ती अशी: वय ६५ च्या पुढे, आधी कधी व्रण झालेला, सोबत अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी गोळी, स्टेरॉइड, किंवा नैराश्याच्या काही गोळ्या (एसएसआरआय गटातल्या). जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर आणखी भर. बाबांना वय आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही होतं.

"गॅसची गोळी" म्हणजे कोणती? नुसतं अँटासिड असेल तर त्याने जळजळ शमते, व्रण टळत नाही. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या गटातली गोळी रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घेतली तर जठराचं संरक्षण बऱ्यापैकी होतं. मूत्रपिंडाला आणि हृदयाला मात्र तिचा काहीही उपयोग नाही. तुम्ही ५ वर्षं घेताय तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन तपासा, आणि रक्तदाब मोजत जा. या गोळ्यांनी तो वाढतो.

रोखठोक

अँटासिडच आहे. तपासून घेतो. धन्यवाद, मनापासून.

पहाटपावलं

माझा प्रश्न. मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावते. आमच्या गटात बरेच जण सुरुवातीआधी आयब्युप्रोफेन ४०० घेतात, "आधीच घेतली की दुखतच नाही" म्हणून. वय पस्तिशीच्या आत, सगळे ठणठणीत. हे चालेल का?

रात्रपाळी

नका घेऊ. तीन-चार तास घाम गाळताना शरीर रक्त स्नायूंकडे वळवतं, मूत्रपिंडाकडे जाणारं कमी होतं. अशा वेळी ती आत येणारी वाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनांचाच आधार असतो आणि नेमका तोच तुम्ही काढून घेता. शिवाय मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. वर भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. शर्यतीनंतर पाणी, क्षार भरून निघाले, लघवी नीट फिकट झाली, मग गरज वाटली तर घ्या.

हेच उलट्या-जुलाबांत लागू आहे. अंगातलं पाणी गेलेलं असताना दुखण्याला पॅरासिटामॉल बरं, ही गोळी नको.

खलबत्ता

मात्रांबद्दल राहिलंच होतं. या मोठ्या माणसांसाठी आहेत, मूत्रपिंड-यकृत-हृदय ठीक असलेल्या. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

आयब्युप्रोफेन एका वेळी २०० ते ४००, दोन मात्रांमध्ये ६ ते ८ तास, स्वतःहून घेताना दिवसाला १२०० च्या पुढे नाही. डॉक्टर संधिवातासाठी २४०० पर्यंत नेतात, पण ते त्यांनी ठरवायचं. इथे एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. साध्या दुखण्यासाठी ४०० च्या वर आराम फारसा वाढत नाही. ६०० किंवा ८०० घेतल्याने थोडा जास्त वेळ पुरेल, पण "दुप्पट गोळी, दुप्पट आराम" असं होत नाही. धोका मात्र मात्रेबरोबर वाढतच राहतो. आराम एका पायरीवर थांबतो, जिना वर चालूच असतो.

नेप्रोक्सेन २५० किंवा ५००, दिवसातून दोनदा, सहसा १००० पर्यंत. हे रक्तात फार रेंगाळतं. आयब्युप्रोफेन साधारण २ तासांत निम्मं होतं, नेप्रोक्सेनला १२ ते १७ तास लागतात. म्हणून नेप्रोक्सेन सकाळी घेऊन संध्याकाळी आयब्युप्रोफेन घेणारा माणूस "मी तर सकाळची उतरल्यावर घेतली" म्हणतो, पण सकाळची अजून निम्मी अंगातच असते. पायरोक्सिकॅम तर निम्मं व्हायला सुमारे ५० तास घेतं, म्हणून ते दिवसातून एकदाच आणि २० मिग्रॅच. मेलॉक्सिकॅम दिवसाला १५ च्या वर नाही. केटोरोलॅक, जे दातदुखीला पुष्कळदा दिलं जातं, ते ५ दिवसांहून जास्त घेऊ नये. ते चटकन काम करतं, म्हणून लोक स्ट्रिप जपून ठेवतात आणि पुढच्या दुखण्याला पुन्हा काढतात. तसं करू नका.

नावामागे एसआर किंवा ईआर असेल तर ती गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. ती कुटायची नाही, चावायची नाही, अर्धी मोडायची नाही. मोडली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. एक ग्राहक वडिलांना गिळता येत नाही म्हणून १०० ची एसआर गोळी खलात कुटून देत होते. माझ्या हाताखालच्या मुलाने सहज विचारलं म्हणून कळलं.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. चुकली ती चुकली.

चिमणी

मुलांचं कुणी सांगेल का? माझा मुलगा ३ वर्षांचा, १२ किलो. आयब्युप्रोफेनचं सिरप घरात आहे. दर वेळी "एक चमचा" देते.

खलबत्ता

मुलांना वयावर नाही, वजनावर. दर किलोला एका वेळी ५ ते १० मिग्रॅ, दोन मात्रांत ६ ते ८ तास. १२ किलोला ६० ते १२० मिग्रॅ. आता बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. बहुतेक सिरपांत ५ मिलिलिटरमध्ये १०० मिग्रॅ असतं. तसं असेल तर त्याला ३ ते ६ मिलिलिटर. पण तान्ह्या बाळांसाठी येणारे थेंब दाट असतात, कशात १ मिलिलिटरमध्येच ४० मिग्रॅ. त्या बाटलीतून ५ मिलिलिटर दिलं तर २०० मिग्रॅ जातील, जवळजवळ दुप्पट. घरातला चमचा कुठे ४ मिलिलिटरचा, कुठे ७ चा. बाटलीसोबतची पिचकारी किंवा खुणा असलेलं टोपण वापरा.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला हे द्यायचंच नाही, आणि ६ महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारूनच.

रात्रपाळी

यात भर. मूल काही पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर आयब्युप्रोफेन नको. कांजिण्या असतील तर नको. आणि डेंग्यूची शंका असेल तर मुलांना काय, मोठ्यांनाही आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन काही नको. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच उतरलेल्या असतात आणि या गोळ्या उरलेल्यांचं काम बिघडवतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर तापात कधीच देऊ नये. राय सिंड्रोम नावाचा मेंदू-यकृताचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

चिमणी

बाटली बघितली. १ मिलिलिटरमध्ये ४० मिग्रॅ लिहिलंय. दाट थेंबांचीच आहे, तो ८ महिन्यांचा असताना आणलेली. मी त्यातून चमचा भरून देत होते. हात थरथरतोय लिहिताना.

खलबत्ता

घाबरू नका. एवढ्या मात्रेने सहसा गंभीर काही होत नाही, आणि तो खेळतोय, पितोय ना? पण त्याच्या डॉक्टरांना फोन करून हे सांगा, आणि ती बाटली टाकून द्या. इतकी जुनी तर तशीही वापरायची नाही. तुम्ही विचारलंत हेच चांगलं केलंत.

केवडा

पाळीच्या दुखण्याला मी मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेते. पूर्वी दुखणं असह्य झाल्यावर घ्यायचे, तेव्हा निम्मा दिवस वाया जायचा. आता सुरुवात जाणवली की लगेच घेते, आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी लागतच नाही. असं करणं बरोबर आहे का? आणि दिवस गेलेले असताना काय?

रात्रपाळी

अगदी बरोबर करताय. पाळीचं दुखणं हे प्रोस्टाग्लँडिनांमुळेच असतं, तीच गर्भाशयाला आवळतात. एकदा तयार झालेल्यांवर गोळीचा इलाज चालत नाही, पुढची तयार होणं ती थांबवते. म्हणून लवकर घेतलेली थोडी गोळी उशिरा घेतलेल्या जास्त गोळीपेक्षा चांगली. पहिली ५००, मग गरजेप्रमाणे दर ६ तासांनी २५०, दोन-तीन दिवस. त्याहून जास्त दिवस लागत असेल किंवा दर महिन्याला वाढत असेल तर तपासून घ्या, मागे दुसरं कारण असू शकतं.

गरोदरपणात स्वतःहून अजिबात नको. २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये हा इशारा दिला. ३० आठवड्यांनंतर तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती आधीच आवळण्याचा धोका. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती बंद करू नये.

अर्धशिशी

माझं थोडक्यात सांगते. डोकं दुखायचं म्हणून गोळी, गोळी उतरली की पुन्हा डोकं. शेवटी महिन्यातले २० दिवस घेत होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी वहीत तारखा लिहायला लावल्या, तेव्हा डोळे उघडले. साध्या दुखण्याच्या गोळ्या महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण होते. दोन-तीन औषधं मिसळलेल्या गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात. बंद केल्यावर पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. मग महिन्यातले ५ दिवस उरले. ज्यांना रोज गोळी लागते त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त ठिपके द्यावेत, महिनाभर.

सांजवारा

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. बाबांची हृदयाची अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची का? आणि गुडघे तर दुखणारच आहेत, मग आता काय द्यायचं?

रात्रपाळी

अ‍ॅस्पिरिन स्वतः बंद करू नका, स्वतः सुरूही करू नका. रक्तस्राव थांबल्यावर ती कधी पुन्हा द्यायची हे हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतील, बहुधा सोबत जठराच्या संरक्षणाची गोळी देऊन.

यात एक बारकावा आहे. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटवर जिथे जाऊन बसते, नेमक्या त्याच जागेवर आयब्युप्रोफेन आधी बसलं तर अ‍ॅस्पिरिनला जागाच मिळत नाही आणि ती वाया जाते. आयब्युप्रोफेन काही तासांत निघून जातं, अ‍ॅस्पिरिन बसली असती तर त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस, बसली असती. म्हणून ज्यांना दोन्ही घ्यावंच लागतं त्यांनी साधी अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर निदान अर्ध्या तासाने आयब्युप्रोफेन घ्यावं, किंवा अ‍ॅस्पिरिनच्या ८ तासांहून जास्त वेळ आधी. आतड्यात विरघळणाऱ्या अ‍ॅस्पिरिनला हे गणित लागू पडत नाही.

हृदयाचा विषय निघालाच आहे तर: "पोटाला सौम्य" म्हणून ज्या नव्या गोळ्या आल्या, त्यातली रोफेकॉक्सिब २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली, हृदयविकाराचे झटके वाढल्यामुळे. तिच्या गटातल्या एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब अजून वापरतात आणि योग्य माणसाला त्या उपयोगी आहेत. पण ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा अर्धांगवायू झालाय त्यांना नाहीत. डायक्लोफेनॅकची हृदयाची जोखीम त्याच पंगतीतली आहे, हे युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. "थोडेच दिवस घेतो" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, ही जोखीम पहिल्या काही आठवड्यांतही असू शकते.

बाबांसाठी पहिली पसंती पॅरासिटामॉल, मात्रा त्यांचे डॉक्टर ठरवतील. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करून १० आकडे धरायचा, हे खरंच काम करतं, फक्त दोन महिने नेटाने करावं लागतं. आणि मलम.

खलबत्ता

मलमाबद्दल मी सांगतो. डायक्लोफेनॅकचं जेल कातडीवर लावलं तर रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्के. गुडघ्याला, बोटांच्या सांध्यांना ते छान लागू पडतं. कंबरेत, खुब्यात सांधा खोल असतो, तिथे फारसं नाही. पण लोक हरभऱ्याएवढं लावतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. १ टक्क्याच्या जेलची एका गुडघ्याची मात्रा ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा. ४ ग्रॅम म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर लांब, भरपूर मोठी रेघ. चोळून जिरवायचं, हात धुवायचे, वर गरम शेक द्यायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. आणि बाबांचं क्रिएटिनिन पूर्ण उतरेपर्यंत हेही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

एक राहिलं. कप्प्यातल्या बाकीच्या स्ट्रिपाही उलटून बघा. सर्दी-तापाच्या गोळ्या विशेषकरून.

सांजवारा

काल रात्री बघितलं. बाबा शेजारी बसले होते, भिंग घेऊन. पोटाचं, खोकल्याचं, जीवनसत्त्वांचं, एकेक बाजूला काढत गेलो. मग सर्दीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप निघाली, समोर फक्त नाक गळणाऱ्या माणसाचं चित्र. बाबांनीच ती पालथी केली आणि मोठ्याने वाचलं. "फेनिलएफ्रिन १०. आयब्युप्रोफेन २००."

चौथी.

ते बराच वेळ त्या स्ट्रिपकडे बघत राहिले. मग म्हणाले, दाढ दुखत होती त्या आठवड्यात नाकही बंद होतं. अंगठ्याने एकेक रिकामी जागा दाबत त्यांनी मोजलं. पाच होत्या.